मूल, पासपोर्ट आणि पुण्याचा एक जुना खटला

शाळेच्या जनरल रजिस्टरात राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असतो. आमच्यासारख्या पेठेतल्या उर्दू शाळेत तो भरताना कुणाचे पेन अडत नाही. वर 'भारतीय', आणि खाली पानभर तेच. सात-आठ वर्षांपूर्वी तिसरीत एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर दाखल झाला, तेव्हा मात्र आमचे पेन अडले. जन्म विलायतेतला, पासपोर्ट विलायतेचा, वडील मूळचे गुजरातचे पण आता तिकडचे नागरिक, आणि आई आमच्याच पेठेतली. नवराबायकोचे पटेनासे झाले म्हणून ती सुट्टीचे निमित्त करून माहेरी आली होती आणि परत गेली नव्हती. मुलगा उर्दू छान बोलायचा, पण वही इंग्रजीसारखी डावीकडून उघडायचा. वर्गातली पोरे हसायची.

मार्चमध्ये वडील आले. सोबत मिठाईचा डबा होता, बोलणे सभ्य होते. शाळा सोडल्याचा दाखला मागितला. रजिस्टरात पालक म्हणून त्यांचेच नाव होते. दाखला आम्ही आमच्या हाताने लिहिला, मुख्याध्यापकांनी सही केली. दोन दिवसांनी आई शाळेत आली तेव्हा, फिरायला नेतो म्हणून नेलेले मूल देशाबाहेर पोचले होते. तिने दाखल्याची स्थळप्रत पाहायला मागितली, पाहिली, आणि काही न बोलता निघून गेली. मुख्याध्यापक म्हणाले की नियमात आपले काही चुकलेले नाही. ते खरेही होते.

आम्ही वकील नाही. बी.एड. करून पाचवी ते आठवीला इतिहास शिकवणारे मास्तर आहोत. पण त्या स्थळप्रतीवरचे आपलेच अक्षर डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून या प्रकाराचा इतिहास शोधू लागलो. पुस्तके आणि निकालपत्रे चाळताना पहिली ठेच लागली ती आमच्याच शहरात.

१९८६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एलिझाबेथ दिनशा विरुद्ध अरवंद दिनशा असा खटला आला. कायद्याच्या पुस्तकांत तो आजही उद्धृत होतो. अरवंद दिनशा हे भारतीय नागरिक, घर पुण्यात. १९७१ मध्ये ते अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या विद्यापीठात शिकत होते. तिथेच एलिझाबेथ भेटल्या, पुढच्या वर्षी लग्न झाले, दोघेही तिथेच नोकरीला लागले. १९७८ मध्ये मुलगा झाला. जन्म अमेरिकेतला म्हणून तो जन्मतःच अमेरिकन नागरिक. (मुलाचे नाव निकालपत्रात आहे, आम्ही ते लिहीत नाही. आज तो पन्नाशीजवळ आलेला गृहस्थ असेल.) पुढे बेबनाव झाला. १९८२ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने घटस्फोट देताना मुलाचा ताबा आईकडे दिला आणि शनिवार-रविवारी भेटण्याचा हक्क वडिलांना दिला. त्या हुकमात एक अट अशी होती की मुलाला अमेरिकेबाहेर न्यायचे असेल तर वडिलांनी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी. म्हणजे पुढे काय घडू शकते याचा अंदाज त्या न्यायाधीशाला चार वर्षे आधीच आलेला होता.

१० जानेवारी १९८६ च्या शुक्रवारी वडिलांनी नेहमीप्रमाणे मुलाला भेटीसाठी नेले आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन भारताचे विमान पकडले. नोकरी सोडल्याचे कार्यालयाला जाताजाता कळवले. आईने तिथे वॉरंट काढवले, पण मिशिगनचे वॉरंट पुण्यात चालत नाही. अमेरिकन वकिलातीचा अधिकारी पुण्याच्या घरी चौकशीला आला तेव्हा आजोबांनी सांगितले की बापलेक उत्तरेकडे, बहुधा काश्मीरला गेलेत, सध्या कुठे आहेत ते आपल्यालाही ठाऊक नाही. शेवटी आई स्वतः भारतात आली आणि तिने थेट सर्वोच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे माणूस हजर करा अशी, याचिका दाखल केली. एरवी पोलिसांनी डांबून ठेवलेल्या माणसासाठी वापरायचा हा अर्ज इथे सख्ख्या बापाविरुद्ध होता.

११ नोव्हेंबर १९८६ रोजी निकाल लागला. न्या. बाळकृष्ण एराडी यांनी तो लिहिला. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून पाहिले आणि तो स्वतःचे मत बनवण्याइतका मोठा नाही, असे नोंदवले. वडिलांचा एक मुद्दा असा होता की मुलाला पुण्यात शाळेत घातले आहे, तो इथे रुळतो आहे. हा मुद्दा वाचताना आम्ही थांबलो, कारण शाळा म्हणजे आम्हीच. न्यायालय म्हणाले की पळवून आणण्याचे काम करणाऱ्याला शाळेत नाव घातल्याचा फायदा मागता येणार नाही. मूल आईच्या हवाली झाले आणि अमेरिकेला परत गेले. एक गोष्ट मनात राहते. याच खटल्यात बापाऐवजी आई मुलाला घेऊन मार खाऊन पळून आली असती, तर निकाल काय लागला असता? त्याचे उत्तर मिळायला अकरा वर्षे लागली. पण त्याआधी थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडे बहुतेकांना एवढे ठाऊक असते की हिजानत, म्हणजे लहानपणी सांभाळण्याचा हक्क, आईचा आणि विलायत, म्हणजे पालकत्व, बापाचे. हनफी मतात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ. कोकणातली आपली मंडळी शाफई. त्यांच्या फिकहात सातव्या वर्षाच्या सुमारास मुलालाच विचारावे असे आहे. १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलमध्ये इमामबंदी खटल्याचा निकाल देताना सय्यद अमीर अली यांनी हा फरक पक्का करून ठेवला. मूल आईच्या मांडीवर असले तरी कायद्याने पालक बापच. आमच्या रजिस्टरातल्या 'पालक' या शब्दाची मुळे तिथपर्यंत जातात.

पण प्रवासाचे काय? आम्हाला वाटत होते की हा प्रश्न विमानाच्या जमान्यातला. तो तसा नाही. बाराव्या शतकात बुर्हानुद्दीन मरगीनानी यांनी लिहिलेल्या 'हिदाया'त या प्रश्नावर स्वतंत्र चर्चा आहे. चार्ल्स हॅमिल्टन यांनी १७९१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि कंपनी सरकारच्या न्यायाधीशांनी ते टेबलावर ठेवले. तलाक झालेल्या बाईने मूल घेऊन शहराबाहेर जाऊ नये, कारण बापाची भेट तुटते, असा मूळ नियम. त्याला अपवाद असा की ती स्वतःच्या माहेरगावी जात असेल आणि निकाहही तिथेच झालेला असेल, तर तिला अडवता येत नाही. आणि आणखी एक सवलत. दोन गावे इतकी जवळ असतील की बाप मुलाला भेटून रात्री मुक्कामाला आपल्या घरी परतू शकेल, तर हरकत नाही.

हे वाचून आम्ही थक्क झालो. काय साधे माप आहे! कोस मोजायचे नाहीत, सरहद्द पाहायची नाही. मुलाला भेटून बाप रात्री घरी पोचतो का, एवढेच पाहायचे. पुणे-सासवड चालेल, पुणे-सोलापूर त्या काळी चालले नसते. आणि आमच्या वर्गातल्या त्या मुलाच्या आईचा निकाह पुण्यातच झाला होता. हिदायाच्या अपवादात ती बसत होती, हे आम्हाला दाखला देऊन झाल्यावर कळले. शाळेच्या नियमात हिदायाला जागा नाही हे आम्ही जाणतो. पण जो हक्क बापाचा म्हणून आपण इतक्या सहज मान्य करतो, त्याच कायद्यात आईचे माहेर लिहून ठेवलेले आहे, हे आपल्या बैठकांत कुणी सांगत नाही.

इंग्रजांनी १८९० मध्ये पालक आणि पाल्य कायदा केला. तो आजही चालू आहे. अर्ज कुठल्या न्यायालयात करायचा, तर मूल सर्वसाधारणपणे जिथे राहते तिथल्या. आणि न्यायालयाने नेमलेल्या पालकाने परवानगीशिवाय मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेऊ नये, असे कलम २६ सांगते. या हद्दीच्या प्रश्नावर १९१४ मध्ये एक गाजलेला निकाल झाला. मद्रासकडच्या नारायणय्या यांनी आपली दोन मुले ॲनी बेझंट बाईंच्या हाती सोपवली होती. त्यांतला थोरला पुढे जे. कृष्णमूर्ती म्हणून जगाला माहीत झाला. बापाचे मन बदलले, त्याने मुले परत मागितली, मद्रासला खटला जिंकला. पण तोवर मुले इंग्लंडात होती. प्रिव्ही कौन्सिल म्हणाले की मुले तिकडे राहतात, इथल्या जिल्हा न्यायालयाचा हुकूम त्यांच्यावर चालत नाही. आगबोटीचा जमाना होता, तरी तत्त्व तेच. मूल समुद्रापलीकडे गेले की हुकमाचा कागद अलीकडे राहतो.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला आधुनिक भाषा दिली तीही एका पुणेकराने. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड पुण्यात जन्मले, पुण्याच्याच आयएलएस विधी महाविद्यालयात शिकले. १९८४ मध्ये सुरिंदर कौर संधू खटल्यात इंग्लंडातून पंजाबात आणलेल्या मुलाचा प्रश्न त्यांच्यासमोर होता. मुलाजवळ ब्रिटिश पासपोर्ट होता. वडील कुठे पळून गेले यापेक्षा या कुटुंबाचा संसार कुठे मांडला होता ते पाहावे, आणि ज्या देशाशी त्यांचे आयुष्य सर्वांत जवळून बांधलेले आहे तिथल्या न्यायालयाने ठरवावे, असा त्या निकालाचा रोख. मूल इंग्लंडला आईकडे गेले. दोन वर्षांनी दिनशा खटल्यात हीच वाट पुढे चालवली गेली.

आता त्या मघाच्या प्रश्नाकडे. धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे हा मुंबईच्या न्यायालयांतून वर गेलेला खटला. लग्न अमेरिकेत, मूल अमेरिकेत जन्मलेले. पस्तीस दिवसांचे बाळ घेऊन आई नवऱ्यापासून दूर झाली आणि १९८४ मध्ये भारतात आली. ताब्याचा अमेरिकन हुकूम वडिलांच्या बाजूने होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला नोव्हेंबर १९९७ मध्ये, आणि मूल आईकडेच राहिले. बारा वर्षांहून अधिक काळ ज्या आईने एकटीने वाढवले, तिच्यापासून परदेशी कागदासाठी त्याला तोडायचे नाही. परदेशी हुकूम हा विचारात घ्यायच्या गोष्टींपैकी एक आहे, शेवटी मुलाचे हित पाहायचे, असे न्यायालय म्हणाले. निकाल मनाला पटतो. पण त्यात एक गोम आहे. जितका उशीर कराल तितके मूल इथे रुळते आणि तितकी तुमची बाजू भक्कम होते. पळवणारा बाप असो की आई, हे गणित दोघांनाही कळते.

हे गणित मोडण्यासाठीच हेग शहरात १९८० मध्ये एक करार झाला. सोळा वर्षांखालचे मूल एका सदस्य देशातून दुसऱ्यात बेकायदा नेले, आणि वर्षाच्या आत अर्ज आला, तर आधी मूल परत पाठवायचे, ताब्याचा वाद मागाहून तिथेच. मुलाला गंभीर धोका असेल तर अपवाद. १९८६ मध्ये अमेरिकासुद्धा या करारात उतरलेली नव्हती, ती १९८८ मध्ये उतरली. मुस्लिम देश यात येणार नाहीत असे पुष्कळांना वाटे. २००४ मध्ये माल्टा बेटावर शरियतेवर कायदे असणाऱ्या देशांशी बोलणी सुरू झाली. मोरोक्को २०१० मध्ये आला, पाकिस्तानात हा करार २०१७ पासून लागू झाला. सौदी अरब, अमिराती, कुवेत आलेले नाहीत. आणि भारतही आलेला नाही.

विधी आयोगाने २००९ मध्ये सांगितले, सामील व्हा. २०१६ मध्ये पुन्हा अहवाल आला, कायद्याचा मसुदाही आला. न्या. राजेश बिंदल समितीने २०१८ मध्ये आणखी एक मसुदा दिला. कायदा झालेला नाही. त्यामागचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परदेशात मारहाण सोसून, भाषा येत नाही, पैसा हातात नाही, अशा अवस्थेत मूल कडेवर घेऊन माहेर गाठलेल्या बाईला 'आधी मूल परत पाठव' म्हणणे म्हणजे तिलाच परत पाठवणे. आमच्या वर्गातल्या मुलाची आई आठवली की हा आक्षेप आम्हाला पटतो. तिचे मूल उलट दिशेने गेले हे आठवले की तोच करार हवासा वाटतो. या दोन्हींत आमचा निर्णय होत नाही.

न्यायालयाचाही लंबक असाच हलत राहिला. २०१७ मध्ये नित्या राघवन खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ब्रिटनचा हुकूम बाजूला ठेवून मुलगी आईकडे दिल्लीत राहू दिली. २०२२ मध्ये रोहित थम्मण गौडा खटल्यात मुलगा जन्माने अमेरिकन नागरिक आहे, याला वजन देऊन त्याला अमेरिकेला परत धाडण्याचा हुकूम झाला. आणि एका खटल्याने तर न्यायालयाचेच हात पोळले. केनिया आणि ब्रिटन अशा दोन देशांचे नागरिकत्व असलेला एक मुलगा दिल्लीत आईजवळ होता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताबा वडिलांना दिला, अट घातली की आमच्या हुकमाची हुबेहूब प्रत, ज्याला आरसा-हुकूम म्हणतात, नैरोबीच्या न्यायालयाकडून आणा. कागद आला, मुलगा गेला. नंतर लक्षात आले की फसवणूक झाली. २०२१ मध्ये हुकूम मागे घेतला गेला, २०२२ मध्ये बापाला अवमानाबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. पण शिक्षा इथे, बाप आणि मूल तिथे.

'दुहेरी नागरिकत्व' हा शब्द आपल्याकडे फार ढिला वापरतात. आपली राज्यघटना आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा मोठ्या माणसाला दोन नागरिकत्वे ठेवू देत नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय वकिलातीत नोंद करायची तर त्याच्याजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांना लिहून द्यावे लागते. ज्याच्याकडे विलायतेचा पासपोर्ट आला, त्याला मिळते ते ओसीआय कार्ड. ते नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा व्हिसा आहे. त्यातही आपल्या समाजाने डोळे उघडे ठेवून वाचावे असे एक कलम आहे. आईबाप, आजीआजोबा किंवा पणजोबा यांपैकी कुणीही कधी पाकिस्तानचा किंवा बांगलादेशाचा नागरिक असेल तर ओसीआय मिळत नाही. पुण्यामुंबईच्या मुली विलायतेतल्या पाकिस्तानी घरांत दिल्या जातात, स्थळ शोधताना खानदान पाहतात, कमाई पाहतात. उद्या ती मूल घेऊन माहेरी आली तर मूल इथे साध्या व्हिसावर असेल, मुदत संपली की पोलीस आयुक्तालयात खेटे सुरू, हे निकाहाच्या वेळी कुणाच्या मनात येत नाही.

आखातात गोष्ट वेगळी. रत्नागिरी-रायगडच्या घरांत कुवेत-दुबईला जन्मलेली मुले पुष्कळ, पण तिथे जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही. मूल भारतीयच राहते, त्याचा राहण्याचा परवाना मात्र बहुधा बापाच्या नोकरीला बांधलेला असतो. बापाने तिथल्या न्यायालयात जाऊन मुलाच्या प्रवासावर बंदी घातली तर आई विमानतळावर अडकते आणि भारतीय पासपोर्ट हातात असून उपयोग होत नाही. वकील मंडळी सांगतात त्याचा मथितार्थ एवढाच की वाद पेटण्याआधी कागद करावा. सुट्टीला जाताना परतीची तारीख लिहून दुसऱ्या पालकाची नोटरी केलेली संमती घ्यावी. वाद असेल तर शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयातून आधी मनाई हुकूम घेऊन त्याची प्रत शाळेत आणि पोलिसांत द्यावी. मुलाचे पासपोर्ट कुणाकडे राहतील ते न्यायालयाकडून ठरवून घ्यावे. आपल्या विमानतळावर 'दुसऱ्या पालकाची परवानगी दाखवा' असे सहसा कुणी विचारत नाही. पासपोर्ट आणि तिकीट असले की झाले. आणि एकदा विमान उडाले की पुण्याचा हुकूम तिथे नेऊन पुन्हा पहिल्यापासून लढावे लागते, तेही त्या देशाच्या फीमध्ये.

त्या मुलाची आई तशी लढली. भावाने घर गहाण टाकून वकील दिला. तिकडच्या न्यायालयाने मूल बापाकडे ठेवले आणि आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर बोलायची मुभा दिली. आमच्या शाळेने त्यानंतर एक पद्धत सुरू केली. दाखला मागायला एक पालक आला तर दुसऱ्याला फोन करायचा. असा सरकारी नियम नाही, दोनदा आमच्यावर बाप चिडलेही. पण फोन करतो.

मागच्या वर्षी ती शाळेत आली होती. तो तिसरीत असतानाचा वर्गाचा फोटो आहे का, विचारायला. फोटो एप्रिलमध्ये काढला होता, त्यात तो नाही. कपाट शोधले तेव्हा त्याची उर्दूची एक वही मिळाली, मागच्या बाजूने सुरू केलेली. ती दिली.